सुहैली, धावपट्टी तीस

शारजाला आज नैऋत्येचा वारा आहे.
इथले जुने नाखवे त्याला सुहैली म्हणत,
सुहैल ताऱ्याच्या बाजूने येतो म्हणून.
सुहैल म्हणजे आपला अगस्ती,
एका घोटात समुद्र प्यायलेला.
आज बहुतेक ढेकर देतोय.

धावपट्टी तीस. वारा दोनशेवीसवरून,
चोवीस नॉट, झटके तेहेतिसापर्यंत.
म्हणजे थेट डाव्या बरगडीत.

सतरा वर्षं मी बोइंग चालवलं.
पुढ्यात योक असायचा. योक म्हणजे जू,
आणि जू म्हटलं की दोन माना आल्या.
नाक वाऱ्यात खुपसून
खेकड्यासारखं तिरकं उतरत यायचं,
तोंड एकीकडे, जाणं दुसरीकडे.
शेवटच्या काही फुटांत उजव्या पायाने नाक सरळ करायचं,
नेमका तेव्हाच डावा पंख डोकं वर काढतो,
तो हाताने दाबायचा
आणि दाबूनच ठेवायचा,
चाकं टेकल्यावरसुद्धा.
शेजारी रेबेलो. त्याचं जू हललं की माझं हलायचं.
एकदा मस्कतला, एक शब्द न बोलता,
त्याने माझ्या हातातली भीती काढून घेतली होती.

आता एअरबस.
पुढ्यात काही नाही, जेवायचं टेबल तेवढं आहे.
डावीकडे एक दांडी,
पोरांच्या खेळण्यात शोभेल एवढी.
तिच्याने मी पंखाला हात लावत नाही,
किती भरभर कलायचं एवढंच कळवतो.
सोडली, की विमान आहे त्या कलावर थांबतं,
झटक्यांचं काय ते स्वतः बघून घेतं.
धरून ठेवली तर कलत राहतं,
सांगकाम्यासारखं,
नको तिथपर्यंत.

उजव्या खुर्चीत कॅप्टन रुकैया,
माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, माझी मास्तरीण.
"द्या आणि सोडा," ती म्हणते.
मी देतो.
"सोडा."
मी ताक घुसळत असतो.

तिचा हात माझ्या हाताला कळत नाही.
तिने तिची दांडी हलवली तरी माझी ढिम्म.
दोघांनी एकदम हलवली तर यंत्र बेरीज करतं
आणि वरून ओरडतं: ड्युअल इनपुट.
बेरीज!
रेबेलोची आणि माझी
कधी बेरीज झाली नव्हती.

पाचशे फूट. खाली धैदचा रस्ता,
वाळू डांबरावरून आडवी पळतेय,
तिलाही पलीकडे जायची घाई.
पन्नास. चाळीस. तीस.
उजवा पाय. नाक वळलं.
पंख उचलणार, सतरा वर्षं कानात ओरडली,
आणि हाताने थोडं ऐकलंही.
मग मी बोटं उघडली.

आवंढा गिळायला लागतो तेवढा वेळ
विमान कोणाच्याच हातात नव्हतं,
किंवा होतं तुलूझमधल्या कुणाच्या,
ज्याने हा वारा कधी अंगावर घेतला नसेल,
पण त्याचं गणित मांडून ठेवलं होतं.

डावं चाक. मग उजवं.
मध्यरेषेच्या दोन हात उजवीकडे.

पार्किंग ब्रेक लावेपर्यंत ती गप्प.
मग वहीत काहीतरी लिहीत म्हणाली,
"दोन हात."
आणि पान उलटताना,
"पण सोडलंत."

रात्री मुवैलाच्या टपरीवर करक चहा.
अगस्ती शोधला, धुळीत दिसला नाही.
एक झटका आला, कागदी कप कलला,
मी तो दोन्ही हातांनी धरला
आणि धरूनच ठेवला.
कपाला कुठलं कॉम्प्युटर?

रेबेलोला गोव्यात मेसेज टाकला: आज सोडलं.
तीन वर्षं झाली त्याला रिटायर होऊन.
झोपला असेल असं वाटलं होतं.
लगेच उलट आलं:
वारा किती होता?